नाव ठेवल्याशिवाय वाजवायचं नाही

मी मिरजेत पेटीचे सूर लावतो. पेटी म्हणजे हार्मोनियम. धंदा वडिलांपासूनचा, पण खोड माझी स्वतःची आहे: कुठलंही वाद्य दिसलं की त्याचं नाव कुठून आलं हे शोधत बसायचं. या ब्लॉगचे जुने वाचक हे जाणतात. शहाच्या दरबारात न्हाव्यानं वाजवली म्हणून शहनाई, असल्या बनावट गोष्टी पाठवणाऱ्यांशी मी जाहीर भांडलो आहे आणि त्यातले दोघं अजून माझ्याशी बोलत नाहीत. तुणतुण्याला तुणतुणं का म्हणतात हे पोरालाही कळतं. संबळीला संबळ का म्हणतात हे मला माहीत नाही, आणि माहीत नाही असं म्हणायला मला लाज वाटत नाही. खोटं मूळ सांगणं मात्र मला खपत नाही.

दोन हंगामांपूर्वी एक तरणा ऊसतोड कामगार दुकानात आला. हातात सनईचं चेपलेलं पितळी तोंड होतं. नाव दिगंबर, गाव बीड जिल्ह्यात, नेकनूरजवळ. मी तोंड ठोकून सरळ करत होतो तेव्हा तो म्हणाला, "जपून ठोका, भागा हाय ती." कोण भागा? तर सनईच. त्यांच्या गावात म्हणे प्रत्येक वाद्याला माणसासारखं नाव ठेवतात आणि नाव ठेवल्याशिवाय ते वेशीत वाजवत नाहीत. माझा हातोडा हवेतच राहिला. इतकी वर्षं मी वाद्यांच्या जातीची नावं शोधत होतो आणि इथं प्रत्येक वाद्याचं बारसंच झालेलं. मी त्याचा फोन नंबर घेतला, "एकदा येतो बघ," म्हणालो, आणि आपल्या सवयीप्रमाणे दोन वर्षं गेलो नाही.

यंदा दसरा झाल्यावर निघालो. निमित्त एका नव्या माउथ ऑर्गनचं. बारा भोकांचा, कडेला बटण असलेला, बटण दाबलं की अर्धा सूर चढतो. पैसे साठवून मागवलेला, आठ दिवस झाले तरी मी तो उशाशी घेऊन झोपत होतो. बायको म्हणाली, "याला घेऊन कुठंतरी फिरून या, नाहीतर मीच जाते." मी दिगंबरच्या नंबरावर फोन लावला. एका बाईनं उचलला. मी ओळख सांगितली. ती म्हणाली, "ते हितं न्हाईत. पर तुमी या." मला वाटलं, कामाला गेला असेल.

आता जाणाऱ्यांसाठी रस्ता. मिरजेहून सोलापूर एसटीनं, तिथून बीडची गाडी, आणि बीडला न जाता अलीकडे मांजरसुंब्याला उतरायचं. सकाळी सहाला निघालात तर दुपारी चारच्या सुमारास पोचता. फाट्यावर केजकडे जाणाऱ्या वडाप जीपा उभ्या असतात, त्या नेकनूरला सोडतात. जीपमध्ये नऊ जणांची जागा आहे असं आपल्याला वाटतं, ड्रायव्हरला तसं वाटत नाही. पाणी मात्र सोलापुरातच भरून घ्या. मी घेतलं नव्हतं.

घाटमाथ्यावरून जो मुलूख दिसला त्यानं माझी बडबड बंद झाली. पावसाळा संपून जेमतेम महिना झालेला आणि जमीन वैशाखातल्यासारखी. कपाशी गुडघ्याएवढी, तीही करपलेली. ओढ्यातल्या वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. जीपमध्ये शेजारी टोपलीभर सीताफळं घेऊन एक आजी बसल्या होत्या. फळं लिंबाएवढी. मी म्हणालो, "लहान दिसतात यंदा." त्या म्हणाल्या, "झाडानं दिली हेच लई म्हणा." मी दोन विकत घेतली. बियाच जास्त होत्या, पण गोडी अशी की मी तोंड मिटून बसलो.

दिगंबरचं गाव नेकनूरपासून अर्ध्या तासावर. नाव लिहीत नाही, कारण पुढं कळेल. वेशीशी सेवा सोसायटीची इमारत, तिच्यापुढं टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसलेल्या घागरींची रांग. घागरी बसलेल्या, माणसं उभी. मी एका घागरवालीला विचारलं, "दिगंबरचं घर?" तिनं माझ्याकडं पाहिलं, मग शेजारणीकडं पाहिलं, आणि हातानं घर दाखवलं.

घरात त्याचा हार घातलेला फोटो होता.

मी दारातच खाली बसलो. गेल्या वर्षी गावातून ऊसतोडीची टोळी निघाली त्याच दिवशी घाटात ट्रॉली उलटली होती. फोनवर बोललेली ती त्याची बायको, कौसा. वय असेल पंचवीस. तिनं तांब्याभर पाणी पुढं केलं आणि तो तांब्या घेताना मला त्या रांगेतल्या घागरी आठवल्या, म्हणून मी दोनच घोट प्यायलो. "फोनवर कावून न्हाई सांगितलं म्हणून रागावू नका," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर तुमी आला नसता. ते तुमची लई आठवण काढायचे. तोंड सरळ केलं अन् पैशे घेतले न्हाईत म्हणायचे." खरं सांगतो, पैसे घेतले नव्हते हे मला आठवतही नव्हतं.

दिगंबरचे वडील गेनबातात्या, गावचे सनईवाले. सत्तरीचे, अंगानं काटकुळे, खाटेवर भिंतीला टेकून बसलेले. मी वाद्यांची नावं विचारायला आलोय म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा खुलला. सनई भागा, कारण तात्यांच्या आजोबांनी ती बहिणीच्या लग्नासाठी आणली आणि बहिणीचं नाव भागा. हलगी तांबडी, कारण ज्या शेळीचं कातडं ती शेळी तांबडी होती. संबळीच्या दोन भांड्यांची नावं थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ, कारण एकीवर टिपरू पडलं की दुसरी बोलल्याशिवाय राहत नाही. मी वहीत भराभर लिहून घेतलं. इतकं सुख मला बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं, आणि ते त्या फोटोसमोर होतंय याची लाजही वाटत होती.

संध्याकाळी कौसानं ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. भाजी नसली तरी आमटी होते, म्हणून दुष्काळात त्याला मान. मराठवाड्यात गेलात तर हॉटेलातली पनीरची भाजी सोडा आणि कुणाच्या तरी घरी येसर खा.

जेवताना गावची ती रीत कळली. टोळीच्या गाड्या ऊसतोडीला निघतात तेव्हा सनईवाला वेशीत उभा राहून वाजवतो. पहिली गाडी सुटल्यापासून शेवटची वेशीबाहेर जाईपर्यंत सूर अखंड हवा. गालात हवा धरून नाकानं श्वास घ्यायचा, पण सूर तुटू द्यायचा नाही. सूर अखंड तर टोळी अखंड परत येणार. आणि सनई वाजल्याशिवाय गाडीत कुणी पाय ठेवत नाही. गेल्या वर्षी शेवटच्या ट्रॉलीला तात्यांचा दम तुटला. त्याच ट्रॉलीत दिगंबर होता.

यंदा टोळी चार दिवसांपासून गावात अडकली होती. तात्या म्हणत होते, दम राहिला नाही, मी वाजवणार नाही.

म्हातारा मुलाचा मृत्यू स्वतःच्या छातीवर घेऊन बसलाय, असं मला वाटलं. आता दुसऱ्याच्या दुःखावर लगेच औषध काढून देणारी जी माणसं असतात त्यातला मी एक. मी पिशवीतून माउथ ऑर्गन काढला. "तात्या, हे बघा. यात फुंकलं तरी सूर, आणि श्वास आत ओढला तरी सूर. दम तुटायचा प्रश्नच नाही."

तात्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट केला, जाळीतून आतल्या पितळी पट्ट्या बघितल्या. ओठांना लावून फुंकला. मग श्वास आत घेतला आणि दचकून तोंडापासून लांब धरला. "आत घेतानाबी बोलतंय हे!" डोळे लहान मुलासारखे झाले होते. परत लावला. पाच मिनिटांत त्यांना बटणाचं गुपित कळलं, दहा मिनिटांत ते एक लग्नातलं वाजवत होते, सूर अखंड. मी खूश होऊन कौसाकडं पाहिलं. ती परातीतलं पीठ तसंच टाकून माझ्याकडं बघत होती, आणि ते बघणं चांगलं नव्हतं. बाहेरून कुणीतरी म्हणालं, "काय वाजतंय बे हे?" मला वाटलं, चला, गावालाही आवडलं.

मी सोसायटीच्या ओट्यावर झोपलो. सकाळी जाग आली ती ट्रॅक्टरच्या आवाजानं. वेशीत दोन ट्रॅक्टर उभे, प्रत्येकाला मागं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या. त्यात भांडी, चुलीचे दगड, कोंबड्या, गुंडाळलेली कोप्यांची, म्हणजे फडावरच्या झोपड्यांची, ताडपत्री. बायका पोरांना घेऊन बाजूला उभ्या. टोळीचा मुकादम अंकुश हसत माझ्याकडं आला. "सर, लई उपकार झाले. चार दिस झाले, कारखान्याचा फोनवर फोन. आता तात्याला दमाचं निमित्तच राहिलं न्हाई." मी विचारलं, कुठला कारखाना? त्यानं नाव सांगितलं. तो आमच्याच भागातला सहकारी कारखाना. मी त्याचा सभासद आहे. दिवाळीची साखर मी तिथूनच आणतो. इतक्या वर्षांत ऊस तोडायला माणसं येतात कुठून आणि कशी, हे मी एकदाही विचारलेलं नव्हतं.

तेवढ्यात कौसानं मला घागरींच्या रांगेच्या मागं बोलावलं. आवाज दबका होता.

"दादा, तुमी कशाला आणलं वं हे?"

"अगं, तात्यांना त्रास—"

"मामाला दम हाय," ती म्हणाली. सासऱ्याला ती मामा म्हणायची. "रोज मळ्यात जाऊन वाजवून येतेत. गेल्या साली दम तुटला असंल, न्हाई म्हणत न्हाई मी. पर ट्रॉली दमानं उलटती का? एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडल्या. घाटात मागली हेलकावली अन् गेली. समद्या गावानं बघितलंय. मुकादम म्हणतो सनई तुटली म्हणून झालं. गाव ऐकून घेतंय, कारण मुकादम बी गावचाच, उद्या त्याच्याच गाडीत बसायचंय. म्हणून मामानं यंदा वाजवायचंच न्हाई म्हटलं. सनई न्हाई तर गाडी न्हाई. दोन दिस अजून गाड्या थांबल्या असत्या तर मुकादमानं दुसरे ट्रॅक्टर बघितले असते." तिनं मागच्या ट्रॉलीकडं बोट केलं. "म्या अन् माजा भाऊ त्या मागल्या ट्रॉलीत हाव."

मला कानाखाली मारल्यासारखं झालं. मी ज्याला दुःख समजलो तो संप होता. एका म्हाताऱ्यानं एकट्यानं, कुणाला न सांगता केलेला. आणि मी मिरजेहून दहा तास प्रवास करून तो मोडायला आलो होतो, वर जेवूनही बसलो होतो. अकलेचा कांदा म्हणतात तो असा.

मुकादमानं तात्यांना वेशीत आणलं. गाव जमलं. तात्यांच्या एका हातात सनई होती, दुसऱ्यात माझा माउथ ऑर्गन. मुकादम म्हणाला, "हं, वाजवा तात्या. आता तुटायची भीती न्हाई."

तात्यांनी माउथ ऑर्गन डोळ्यांसमोर धरला. "ह्याचं नाव काय?"

"माउथ ऑर्गन हाय ना ते."

"ती जात झाली. नाव काय? बिगर नावाचं वाद्य वेशीत वाजलंय का कवा?"

मुकादम वैतागला. "मग ठिवा की आत्ता नाव."

"बारसं बाराव्या दिशी असतंय, अंकुश."

बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. मुकादमाचा चेहरा लाल झाला. "वाद्याचं कसलं आलंय बाराव्या दिशी? असं कवा ऐकलं न्हाई." आणि तो वळला माझ्याकडं. "सर, तुमी ह्यातले जाणकार. नावं शोधत फिरता. तुमीच सांगा समद्यांपुढं. वाद्याचं बारसं बाराव्या दिवशी असतंय का?"

सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं. तात्याही बघत होते, चेहऱ्यावर काही नाही. माझ्या वहीत आदल्या दिवशी लिहिलेलं होतं: वाद्य घरात आलं की पाच बायकांनी हळदकुंकू लावायचं आणि त्याच वेळी नाव ठेवायचं. तात्यांनीच सांगितलेलं. म्हणजे तात्या सरळ खोटं बोलत होते. एका वाक्यात मी ते उघडं पाडू शकत होतो. आयुष्यभर तेच तर केलं.

"असतं," मी म्हणालो. "बाराव्याच दिवशी. खूप जुनी रीत आहे." आणि घाबरलेला माणूस जास्तच बोलतो तसं पुढं म्हणालो, "आमच्या मिरजेत तर तेरा दिवस धरतात."

एका म्हातारीनं सामान उतरवायला सुरुवात केली. आधी तिची कोंबडी, मग पातेलं. मग दुसरीनं. कौसानं मागच्या ट्रॉलीतलं आपलं गाठोडं ओढून खाली टाकलं. कुणी आरडाओरडा केला नाही. मुकादम इकडून तिकडं बघत राहिला. तो काही वाईट माणूस वाटत नव्हता मला, कारखान्याची तारीख त्याच्याही मानेवर होती. बारा दिवस थांबणं त्याला शक्य नव्हतं आणि ते तात्यांना माहीत होतं.

मग तात्या शांतपणे म्हणाले, "न्हाईतर भागा हाय. तिला नाव हाय. आज वाजवतो. पर म्हातारा झालो मी, अंकुश. माजा दम आता एका ट्रॅक्टरामागं एकाच ट्रॉलीपुरता हाय."

टँकर आला तरी घागरीकडं कुणी पळालं नाही. मुकादमानं खाली मान घातली. बराच वेळ तो ट्रॉलीच्या जोडाकडं बघत होता. मग ड्रायव्हरला म्हणाला, "काढ पिन." आणि फोन कानाला लावून बाजूला गेला.

शेजारच्या गावाहून आणखी दोन ट्रॅक्टर यायला दुपारचे तीन वाजले. चार ट्रॅक्टर, चार ट्रॉल्या. तात्यांनी भागा ओठांना लावली आणि पहिली गाडी हलली. मी त्यांच्यापासून चार हातांवर उभा होतो. दिगंबरच्या बापाची ती सनई ऐकताना मी सोसायटीच्या पायरीवर बसून घेतलं आणि रडलो. कौसा तिसऱ्या ट्रॉलीत होती. ती वेशीतून जाताना तात्यांचा सूर तुटला. सगळ्यांनी ऐकलं. तात्यांनी श्वास घेतला, परत लावली. मुकादम शेवटच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हरशेजारी बसला होता. तो काही बोलला नाही.

माउथ ऑर्गन मी तात्यांकडंच ठेवला. ते म्हणाले, "बारसं आता करावंच लागंल." परतीचा रस्ता तोच, फक्त मांजरसुंब्याहून सोलापूरची शेवटची गाडी किती वाजता हे आधी विचारून ठेवा. मी विचारलं नव्हतं. एका कांद्याच्या ट्रकमधून आलो.

घरी येऊन दुकान उघडलं. आता रस्त्यावरून ऊसवाल्यांचा ट्रॅक्टर गेला की मी हातातलं काम टाकून बाहेर येतो आणि मागं किती ट्रॉल्या आहेत ते बघतो. बहुतेक वेळा दोन असतात. कारखान्याच्या सभेत मी हा विषय काढला. अध्यक्ष म्हणाले, वाहतूक कंत्राटदाराचा प्रश्न आहे. पुढच्या सभेत परत काढणार आहे. वाद्याच्या बारशाला बारा दिवस लागतात हे मी ठोकून दिलं, तेही कबूल करतो. ज्या दोघांशी मी भांडलो होतो त्यांनी आता मला हवं ते बोलावं.

हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाला, कौसाचा फोन आला. टोळी गावात पोचली होती. मागं कोंबड्या आणि पोरांचा कालवा, आणि त्यात कुठंतरी माझा माउथ ऑर्गन. ओळखू आला.

"मामा वेशीत उभं राहून वाजवत होते," ती म्हणाली, "शेवटची गाडी आत येस्तोवर. अजून थांबनात."

"नाव काय ठेवलं त्याचं?"

"दिगू."

मग काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "मध्ये दम तुटला का?"

"तुटला की. चारदा तुटला," कौसा म्हणाली, आणि हसली. "समदी आलोत, दादा."